तेलाला नको म्हणालो, आता वाऱ्याला हो कोण म्हणणार?

न्यू जर्सीचा समुद्रकिनारा साधारण १३० मैलांचा आहे आणि त्याच्यासमोर एकही तेलविहीर नाही. उन्हाळ्यात आपली मराठी मंडळी पोळीभाजीचे डबे, छत्र्या आणि पोरांच्या बादल्या घेऊन पॉइंट प्लेझंटला नाहीतर सँडी हूकला जातात. क्षितिजावर फार तर एखादं मालवाहू जहाज दिसतं. समुद्र असाच असायचा, असं आपण गृहीत धरतो.

पण तो आपोआप असा राहिलेला नाही. १९७८ पासून पुढची काही वर्षं याच किनाऱ्यासमोर, शंभरेक मैल आत, बाल्टिमोर कॅन्यन नावाच्या पट्ट्यात तेल कंपन्यांनी तीसेक विहिरी खणून पाहिल्या. थोडा नैसर्गिक वायू लागला, पण खर्च निघेल इतका नाही, म्हणून कंपन्या गाशा गुंडाळून गेल्या. त्यानंतर वॉशिंग्टनमध्ये ज्याला ज्याला अटलांटिक पुन्हा उघडावासा वाटला, त्याला इथले मच्छीमार, मोटेलवाले आणि गावोगावचे मेयर आडवे गेले. आपण पाण्यात पाय बुडवून कणसं खातो ती त्यांच्या जिवावर.

हे आत्ता लिहायचं कारण असं, की नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या गृह खात्यानं समुद्रातल्या तेल-वायूच्या भाडेपट्ट्यांचा नवा मसुदा जाहीर केला. (इथलं गृह खातं म्हणजे पोलीस नव्हे, जमीन, जंगल, समुद्र आणि खाणी बघणारं इंटिरियर डिपार्टमेंट.) एकूण ३४ लिलाव, सुमारे १२७ कोटी एकर समुद्र. त्यात २१ लिलाव अलास्काच्या आजूबाजूला, ७ मेक्सिकोच्या आखातात आणि ६ कॅलिफोर्नियासमोर. अटलांटिक या वेळी वगळलाय, त्यामुळे आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर त्याची चर्चा जेमतेम दोन तास चालली. एकानं लिहिलं, "बरं झालं, गॅस स्वस्त होईल." दुसऱ्यानं अंगठा दाखवला. मग दिवाळी पार्टीचे फोटो आले आणि विषय संपला.

माझ्या मते विषय तिथं संपत नाही, तिथून सुरू होतो.

कॅलिफोर्नियातल्या मंडळींना सांता बार्बराची गोष्ट ठाऊक असेल. इतरांसाठी थोडक्यात सांगते. २८ जानेवारी १९६९ रोजी किनाऱ्यापासून सहा मैलांवर, युनियन ऑइल कंपनीच्या 'प्लॅटफॉर्म ए'वर एक विहीर फुटली. विहिरीला आतून पोलादी नळ्यांचं जे अस्तर घालतात, ते नियमापेक्षा कमी खोलीपर्यंत घालायची परवानगी सरकारी खात्यानंच कंपनीला दिली होती. दाब वाढला तेव्हा तेल समुद्राच्या तळालाच भेगा पाडून वर आलं. ८० हजार ते १ लाख बॅरल तेल समुद्रात गेलं. हजारो पक्षी मेले. लोक किनाऱ्यावर गवताचे भारे अंथरून तेल टिपत होते, कारण दुसरं काही साधनच नव्हतं. ही दृश्यं घरोघरच्या टीव्हीवर दिसली. अध्यक्ष निक्सन स्वतः किनाऱ्यावर येऊन उभे राहिले.

त्या गावात 'गेट ऑइल आउट' नावाची संघटना उभी राहिली. तिच्याबद्दल मला एक गोष्ट फार आवडते. सरकारकडे विहिरी बंद करण्याची मागणी करताना तिनं लोकांना आणखी एक सांगितलं: गाड्या कमी चालवा, तेल कंपन्यांची क्रेडिट कार्डं फाडून टाका. म्हणजे नको म्हणताना स्वतःच्या गॅरेजकडेही बोट दाखवलं. विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन त्याच वर्षी सांता बार्बराला जाऊन आले आणि २२ एप्रिल १९७० रोजी पहिला वसुंधरा दिन साजरा झाला. त्या दिवशी सुमारे २ कोटी अमेरिकन रस्त्यावर आले. आज आपल्या मुलांच्या शाळेत त्या दिवशी रोपटं लावतात, त्यामागे हे सांडलेलं तेल आहे.

पुढचा इतिहास म्हणजे दार बंद, दार उघड. १९८१ पासून काँग्रेसनं एकेका किनाऱ्यावर नव्या भाडेपट्ट्यांना बंदी घालायला सुरुवात केली. १९९० मध्ये थोरल्या बुशसाहेबांनी, म्हणजे स्वतः टेक्सासमध्ये तेलाच्या धंद्यात मोठ्या झालेल्या माणसानं, ती आणखी पक्की केली. २००८ मध्ये पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं आणि धाकट्या बुशनी वडिलांची बंदी उठवली. 'ड्रिल, बेबी, ड्रिल' ही घोषणा त्या वर्षीची. मार्च २०१० च्या शेवटी ओबामांनीही अटलांटिकचा काही भाग खुला करायचं जाहीर केलं. तीन आठवडेही झाले नाहीत, तोच २० एप्रिलला डीपवॉटर होरायझनचा स्फोट झाला. ११ कामगार गेले, विहीर ८७ दिवस वाहत राहिली, आणि सरकारी अंदाजाप्रमाणे ४९ लाख बॅरल तेल बाहेर आलं. अटलांटिकचा बेत त्या वर्षअखेरीला गुंडाळला गेला. २०१५ मध्ये तो पुन्हा आला आणि शंभराहून जास्त किनारी गावांनी ठराव केले तेव्हा मार्च २०१६ मध्ये पुन्हा गेला. जानेवारी २०१८ मध्ये ट्रम्प सरकारनं जवळजवळ सगळेच किनारे उघडायचा प्रस्ताव मांडला, तेव्हा पाच दिवसांत फ्लोरिडा त्यातून वगळली गेली. तिथले गव्हर्नर रिक स्कॉट रिपब्लिकन, खात्याचे मंत्री रिपब्लिकन. पण समुद्रावर पोट असलेल्या राज्यात तेलाचं नाव काढलं की पक्ष बाजूला पडतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्लोरिडाच्या मतदारांनी राज्याच्या पाण्यात ड्रिलिंगबंदी थेट राज्यघटनेत घातली, जवळपास ६९ टक्के मतांनी. (त्याच प्रश्नात बंद जागेत ई-सिगारेट ओढण्यावरची बंदीही घुसडली होती. ही जोडी कुणाला सुचली देव जाणे.) आमच्या न्यू जर्सीनं डीपवॉटरच्या आठव्या स्मृतिदिनी, २० एप्रिल २०१८ ला, कायदा केला: राज्याच्या पाण्यात ड्रिलिंग नाही आणि बाहेरच्या केंद्राच्या पाण्यातलं तेल आणायला राज्याच्या हद्दीतून पाइपलाइनही नाही. गंमत म्हणजे सप्टेंबर २०२० मध्ये ट्रम्प यांनीच फ्लोरिडा, जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यांवरची बंदी २०३२ पर्यंत वाढवली होती. आताच्या मसुद्यात फ्लोरिडाच्या बाजूचा आखाताचा तुकडा आला, तेव्हा सिनेटर झालेले तेच रिक स्कॉट पुन्हा विरोधाला उभे राहिले.

आता मुंबईतले माझे नातेवाईक हे वाचून काय म्हणतील ते मला माहीत आहे. "अगं, मामाचं सगळं आयुष्य त्या तेलावर गेलं, आणि तू हे लिहितेस?"

हो, माझा मामा ओएनजीसीत होता. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट'नं मुंबईपासून १६० किलोमीटरवर मुंबई हायमध्ये तेल शोधलं. त्याच्या आदल्याच वर्षी अरब देशांनी भाव चौपट केले होते आणि परकीय चलनाच्या नावानं देशात ठणठणाट होता. त्या वेळी ते तेल म्हणजे लॉटरी होती. मामा ऐंशी सालच्या सुमाराला तिथं लागला. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस पार्ल्याच्या घरी. जुहूहून हेलिकॉप्टरनं जायचा, म्हणून आम्हा भाचरांना तो हीरो वाटायचा. मामी मात्र तो समुद्रात असताना रात्री फोन वाजला की उचलायच्या आधी देवाकडे बघायची. २७ जुलै २००५ ला, मुंबई पुरात बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मुंबई हाय नॉर्थचा प्लॅटफॉर्म जळाला. एका जखमी माणसाला हलवायला आलेलं जहाज लाटांनी प्लॅटफॉर्मवर आदळलं, गॅसचा नळ फुटला आणि दोनेक तासांत सगळं बेचिराख झालं. २२ जण गेले. मामा तेव्हा निवृत्त होता. त्यानं चार दिवस टीव्हीसमोरून उठायचं नाव घेतलं नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ हा तराफा बुडाला, त्यावर सत्तरहून जास्त कामगार गेले. तेही याच तेलक्षेत्राच्या कामावर होते.

त्यामुळे समुद्रातून तेल काढणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. लुइझियानातला रिगवरचा कामगार काही खलनायक नाही. तो माझा मामाच आहे. भारताला १९७४ मध्ये दुसरा पर्याय नव्हता, आणि आजही देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. पण म्हणून २०२६ साली, जगात सगळ्यात जास्त तेल काढणाऱ्या देशानं, ज्या किनाऱ्यांनी पन्नास वर्षं नको म्हटलंय तिथं नव्यानं विहिरी खणाव्यात, हे त्यातून निघत नाही. मामाच्या पिढीला वारा आणि सूर्य स्वस्तात वापरता येत नव्हते. आपल्याला येतात.

माझं माहेर अलिबागकडचं. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली. सांडलं ते आठशे टनांच्या आसपास, म्हणजे डीपवॉटरच्या तुलनेत चमचाभर, आणि तेही जहाजाचं इंधन. तरी खाजणातली तिवरं काळी पडली, किनाऱ्यावर कंटेनरमधली बिस्किटं लागली आणि वहिनी फोनवर सांगत होती की बाजारात कोळणी टोपल्या घेऊन बसल्यात, पण मासळीला कुणी हात लावत नाही. ऐन श्रावण तोंडावर आलेला, तरी एरवी गिऱ्हाईक असतं म्हणाली. तेल किती सांडलं याच्याशी कोळणीचा संबंध नसतो. तिचा धंदा अफवेनंसुद्धा बसतो. न्यू जर्सीनं हे १९८७-८८ च्या उन्हाळ्यात अनुभवलं, जेव्हा किनाऱ्यावर इंजेक्शनच्या सुया लागल्या आणि पर्यटकांनी पाठ फिरवली. इथला मोटेलवाला ड्रिलिंगविरुद्ध इतक्या तावातावानं का बोलतो, ते त्या दोन उन्हाळ्यांत आहे.

आता त्या "गॅस स्वस्त होईल"कडे येऊ. अमेरिकेनं २०२४ मध्ये दिवसाला सरासरी १ कोटी ३० लाख बॅरलहून जास्त कच्चं तेल काढलं, आजवर कुठल्याच देशानं काढलं नव्हतं इतकं. तरी पंपावरचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. होर्मुझच्या सामुद्रधुनीत काही खुट्ट झालं की एडिसनच्या पंपावर आकडा बदलतो. आज लिलाव झालेल्या खोल समुद्रातल्या भाडेपट्ट्यातून तेल यायला बहुतेक वेळा दहा वर्षांच्या आसपास लागतात. आणि आखातात कंपन्यांकडे आधीच असलेल्या भाडेपट्ट्यांचा मोठा भाग विनाउत्पादन पडून आहे. तुमच्या मुलीला यंदा लायसन मिळालं असेल, तर या विहिरींचं पेट्रोल ती तिच्या पोराला डेकेअरला सोडताना भरेल. तोवर ती पेट्रोलची गाडी चालवत असेल का, हाच प्रश्न आहे.

दुसरा गोंधळ वीजबिलाचा. तेल काढलं की वीज स्वस्त होईल असं बरेच जण धरून चालतात. अमेरिकेत तेलावर बनणारी वीज एक टक्कासुद्धा नाही. न्यू जर्सीत निम्म्याच्या आसपास वीज नैसर्गिक वायूची आणि उरलेली बरीचशी अणुऊर्जेची. तेव्हा जून २०२५ मध्ये आपली बिलं १७ ते २० टक्क्यांनी वाढली, त्याचा समुद्रातल्या तेलाशी काही संबंध नव्हता. तेरा राज्यांच्या वीजजाळ्याचं काम बघणाऱ्या पीजेएमच्या लिलावात, गरज पडेल तेव्हा वीज हजर ठेवण्याची किंमत एका वर्षात नऊपट झाली, त्याचा तो परिणाम. मागणी वाढली, त्यात डेटा सेंटरचा वाटा मोठा. (म्हणजे आपल्यापैकी निम्म्यांची पोटं ज्यावर चालतात तेच.) आणि नवी वीज मात्र वेळेवर जोडली गेली नाही. नोव्हेंबर २०२५ च्या गव्हर्नरच्या निवडणुकीत यावरच धुमश्चक्री झाली.

नवी वीज का जोडली गेली नाही, याची कारणं अनेक आहेत. त्यातलं एक आपल्या किनाऱ्यावरच आहे, आणि मला खरं तर त्याबद्दलच बोलायचं होतं.

२०१९ मध्ये न्यू जर्सीनं ओशन विंड-१ हा प्रकल्प मंजूर केला. किनाऱ्यापासून सुमारे पंधरा मैलांवर ९८ पर्यंत पवनचक्क्या, ११०० मेगावॉट, पाच लाख घरांना पुरेल इतकी वीज. मग २०२२-२३ च्या हिवाळ्यात किनाऱ्याला मेलेले देवमासे लागले आणि घरोघरच्या हिरवळीवर पाट्या उगवल्या: देवमासे वाचवा, पवनचक्क्या हटवा. देवमासे २०१६ पासूनच नेहमीपेक्षा जास्त मरत आहेत. जे तपासता आले त्यांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास जहाजाच्या धडकेनं किंवा जाळ्यात अडकून जखमी झालेले निघाले, आणि पवनऊर्जेच्या सर्वेक्षणाशी संबंध असल्याचा पुरावा सापडला नाही, असं समुद्र-हवामान खात्याचे शास्त्रज्ञ सांगत राहिले. पण पाटीवर एवढं कुठं मावणार? ड्रिलिंगविरुद्ध पूर्वी खांद्याला खांदा लावून उभे असलेले काही खासदार आता पवनचक्क्यांविरुद्ध उभे राहिले. १९८४ पासून हा समुद्र स्वच्छ ठेवायला झटणाऱ्या क्लीन ओशन ॲक्शननंही इतक्या मोठ्या प्रमाणावरच्या पवनप्रकल्पांना थांबा म्हटलं. ३१ ऑक्टोबर २०२३ ला ऑर्स्टेड या डॅनिश कंपनीनं प्रकल्प सोडून दिला. न्यायानं सांगायचं तर मुख्य कारण पैशाचं होतं. व्याजदर वाढले, सुटे भाग वेळेवर मिळेनात. पण किनाऱ्यानं तो जपला असता तर सरकारनं आणि कंपनीनं वाट काढायला जास्त जोर लावला असता, असं मला वाटतं. अटलांटिक शोअर्स हा दुसरा प्रकल्प २०२५ मध्ये मागे पडला. राज्यानं २०४० पर्यंत ११ हजार मेगावॉट समुद्री वाऱ्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. आज न्यू जर्सीसमोरच्या समुद्रात एक पातं फिरत नाही.

म्हणजे आम्ही तेलाला नको म्हणालो, वाऱ्यालाही नको म्हणालो, आणि जुलैत एसी मात्र ६८ वर.

मच्छीमारांच्या तक्रारी मी बाजूला टाकत नाही. चक्क्यांच्या मधून जाळी ओढणं अवघड जातं, ते खरं आहे, आणि त्यांना भरपाई मिळायला हवी. धोकाही शून्य नाही. जुलै २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या व्हिनयार्ड विंडचं एक पातं तुटलं आणि नँटकेटच्या किनाऱ्यावर फायबरग्लासचे तुकडे आले. पोहणं बंद ठेवावं लागलं. पातं बनवणाऱ्या कंपनीनं पुढं गावाला १ कोटी ५ लाख डॉलर भरपाई देऊ केली. वाईटच झालं. पण ते तुकडे लोकांनी हातमोजे घालून उचलले. बीपीला आपल्या अपघातापोटी ६५०० कोटी डॉलरच्या वर मोजावे लागले, आणि लुइझियानाच्या दलदलीत ते तेल अजूनही मातीत सापडतं.

राहिला देखाव्याचा मुद्दा. पंधरा मैलांवरची चक्की हात लांब केल्यावर करंगळीच्या नखाएवढीही दिसत नाही. आपण मराठी माणसांनी तर हा आक्षेप घेऊच नये. साताऱ्याहून ठोसेघरला जाणारा माणूस पुढं चाळकेवाडीच्या पठारावर कशासाठी जातो? पवनचक्क्यांखाली उभं राहून फोटो काढायला! तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनीच्या व्यवहारांच्या तक्रारी आहेत, त्या वेगळ्या आणि गंभीर आहेत. पण त्या चक्क्यांमुळे पठार विद्रूप झालं म्हणून कुणी ट्रिप रद्द केल्याचं मी ऐकलेलं नाही.

ऱ्होड आयलंडजवळच्या ब्लॉक आयलंडला एकदा जाऊन या. अमेरिकेतला पहिला समुद्री पवनप्रकल्प तिथं डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाला. पाचच चक्क्या, ३० मेगावॉट. त्याआधी त्या बेटाची वीज डिझेल जनरेटरवर चालायची. ते डिझेल बोटीनं यायचं, महाग पडायचं, धूर आणि घरघर वेगळी. २०१७ च्या वसंतात जनरेटर बंद झाले. समुद्रातलं तेल आणि समुद्रातला वारा यांची थेट अदलाबदल बघायची तर ती तिथं दिसते. इतरत्र ती थोडी आडवळणानं होते, कारण तेल मुख्यतः गाड्यांत जळतं आणि वारा वीज देतो. गाडी विजेवर आली की मगच ती जोडणी पुरी होते. हे कबूल करायला पर्यावरणवादी मित्र कधीकधी कचरतात, पण ते लपवून काय मिळणार?

एकीकडे १२७ कोटी एकर तेलाला खुले करणारं हेच सरकार वाऱ्याच्या मागे हात धुऊन लागलंय. २२ ऑगस्ट २०२५ ला रिव्होल्युशन विंड हा ८० टक्के पूर्ण झालेला प्रकल्प एका आदेशानं थांबवला. बरोबर एक महिन्यानं न्यायाधीशांनी काम पुन्हा सुरू करू दिलं. घराच्या छपरावर सोलर बसवणाऱ्यांना मिळणारी ३० टक्क्यांची केंद्रीय करसवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. "मोकळी स्पर्धा होऊ द्या, जो स्वस्त तो टिकेल" असं म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना मी विचारते, मग एकाच्या पायात बेड्या का?

भारतातल्या नातेवाइकांचा दुसरा टोमणाही रास्त आहे: "दारात तीन-तीन गाड्या उभ्या करून तुम्ही स्वच्छ ऊर्जेवर लेख लिहिता." सरासरी अमेरिकन माणूस वर्षाला १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, भारतीय साधारण दोन टन. म्हणूनच हे बोलण्याची जबाबदारी इथं राहणाऱ्यांची जास्त, असं माझं म्हणणं आहे. शिवाय बोलण्याची सोयही इथं जास्त आहे. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा तिथल्या बायाबापड्यांना भर उन्हात रस्त्यावर आडवं पडावं लागलं, पोलिसांच्या गाड्यांत बसावं लागलं. रिफायनरीच्या बाजूनं किंवा विरुद्ध तुमचं मत काहीही असो, ऐकून घ्या म्हणण्यासाठी त्यांना काय किंमत मोजावी लागली ते बघा. इथं आपल्याला एका सरकारी वेबसाइटवर चार ओळी टाइप करायच्या असतात. ताज्या मसुद्याची साठ दिवसांची मुदत जानेवारीत संपली, पण तो पहिलाच टप्पा होता. पुढचा मसुदा येईल तेव्हा पुन्हा सूचना मागवाव्याच लागतात, आणि त्या द्यायला नागरिकत्व लागत नाही. एच-वन-बीवाला, ग्रीन कार्डवाला, मुलाकडे सहा महिने आलेले आजी-आजोबा, कुणीही लिहू शकतं. अर्थात व्हिसावरच्या मंडळींना सध्या सरकारी वेबसाइटवर नाव टाकायची धास्ती वाटते, ते मी समजू शकते. त्यांनी गप्प राहावं. पण पंधरा-वीस वर्षं मतदान करणारे आपले लोक का गप्प असतात?

आपली मंडळं गणपतीला हजार माणसं जमवतात. मूर्ती शाडूची असावी यावर कार्यकारिणीत दोन तास वाद होतो, आणि व्हावाच. त्याच सभेत पंधरा मिनिटं काढून खासदाराला एक पत्र लिहिणं अवघड नाही. पत्रात दोन्ही गोष्टी असाव्यात: किनाऱ्यावर नवं ड्रिलिंग नको, आणि पवन-सौर प्रकल्प अडवू नका. अर्धंच पत्र लिहायचं असेल तर नका लिहू.

ज्यांचं स्वतःचं छप्पर नाही, अपार्टमेंटमध्ये किंवा टाउनहाउसमध्ये राहतात, त्यांच्यासाठी न्यू जर्सीत कम्युनिटी सोलर आहे. कुठल्यातरी गोदामाच्या छतावरच्या पॅनेलमधला वाटा आपल्या नावावर होतो आणि बिलात सूट मिळते. निम्म्याहून जास्त जागा कमी-मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखीव आहेत, ते योग्यच आहे, त्यामुळे बाकीच्यांना थांबावं लागू शकतं. दारावर येणाऱ्या विक्रेत्याच्या टॅबलेटवर मात्र सही करू नका. राज्याच्या वीज आयोगाच्या यादीत कंपनीचं नाव आहे का ते आधी बघा आणि करार मोडायचा झाला तर दंड किती, ते विचारा.

आमच्या गावात शाळेच्या पार्किंगवर सौर पॅनेलचं छप्पर घालायचा प्रस्ताव आलाय. खाली गाड्या सावलीत, वर शाळेपुरती वीज. मागच्या बैठकीला विरोध करायला अकराजण उठले, त्यात दोघे आपलेच. म्हणे घरांच्या किमती पडतील. बाजूनं बोलायला तिघं होतो, आणि त्यातला एक तर बारावीतला मुलगा. पुढची सुनावणी पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी साडेसातला आहे. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. बोलायचं असेल त्यांनी सव्वासातलाच या, नावं दारातच लिहून घेतात.